जेवढं आहे तेवढं

नदीत एक लोखंडी पट्टी रोवलेली आहे,
पांढरी, काळ्या आकड्यांची.
सकाळी सहाला नि संध्याकाळी सहाला
मी ती वाचते. तेरा वर्षं झाली.
पगार सरकारचा, येतो तेव्हा येतो.
फोनचा रिचार्ज माझा.

आमच्याकडे हिचं नाव नाकांबे.
सरहद्द ओलांडली की पांढरी व्होल्टा.
आमच्यात बाई लग्नानंतर नाव बदलत नाही.
नदी बदलते. गाळ मात्र इथलाच नेते.

तिकडे, दोन दिवसांच्या पाण्यावर,
अटिगा राहतो. मी त्याला पाहिलेलं नाही.
माझी शाळा फ्रेंचमधली, त्याची इंग्रजीतली;
मी घरात बिसा बोलते, तो कुसाल.
दोघांना अर्धीमुर्धी येते ती मोरे,
बाजारात शेळी विकण्यापुरती.
तिच्यात आकडे बसतात,
आणि पोरं कशी आहेत, एवढं.

चारचा आकडा बुडाला की धरणाची दारं उघडतात.
नियमाप्रमाणे राजधानीतून राजधानीला पत्र जातं.
पत्र शिक्के गोळा करत चालतं,
पाण्याला शिक्का लागत नाही.
म्हणून मी फोन करते.
हे माझ्या कामात लिहिलेलं नाही.

एका वर्षी मला हिवताप होता.
चटईवर पडून मी छताचे वासे मोजत होते
आणि नदी मोजायला कोणी नव्हतं.
त्याचं कांद्याचं रान गेलं, पंप गेला,
शेजारच्या लारिबाच्या सात बकऱ्या
खुंट्याला बांधलेल्याच गेल्या.
चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.
म्हणाला, ताप उतरला का, बिबाता?
बकऱ्यांचं मला कांद्याच्या व्यापाऱ्याकडून कळलं,
दोन महिन्यांनी.

पुढच्या वर्षी मी चार बोटं वाढवून सांगितलं.
वाटलं, जास्तीचं सांगण्यात काय वाईट,
भीतीनं कोणी बुडत नाही.
त्यांनी रातोरात बाजरी कापली. हिरवीच.
पाणी बांधाला टेकलं नि परत फिरलं.
त्या हंगामात त्यांनी काय खाल्लं, मी विचारलं नाही.
त्याच व्यापाऱ्याच्या हातून एक पुडी आली,
निरोप नाही.
आत मूठभर बाजरी, सुरकुतलेली,
दाताखाली नुसता कोंडा.

ती मी टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहे,
विजेरीशेजारी.
आता जेवढं आहे तेवढं सांगते.
जीव तुटला तरी बोटभर वाढवत नाही,
दमले तरी बोटभर कमी करत नाही.

आज रात्री आवाजावरूनच कळलं.
गुडघाभर पाण्यात उभी राहून विजेरी मारली,
तर आकड्यांवर कोणाची तरी चप्पल अडकलेली,
निळी, डाव्या पायाची. वरून आलेली.
वर कोण राहतं?
मला फोन करणारं तिथे कोणी नाही.
चप्पल काढली, तेव्हा वाचता आलं.

तीनदा रिंग वाजली.
चार नि बारा, मी म्हटलं. दोनदा म्हटलं.
पलीकडे एक मूल खोकलं,
काहीतरी पितळेचं खाली पडलं.
चार नि बारा, तो म्हणाला,
आणि लगेच फोन ठेवला नाही.
मग म्हणाला, ठेवतो, मलाही पुढे सांगायचंय.

पुढे कोणाला, ते मी कधी विचारलेलं नाही.
काठावर आले तर चप्पल अजून हातातच.
पाण्यात भिरकावणार होते;
पण खाली त्याच्याकडेही एक पट्टी असेल.